धूर मोजायला ये

सांगली,
रविवार सकाळ

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू विचारलंस, "स्वच्छ इंधनाची संस्था काढलीत खरी, पण नेमकं करणार काय?" एसटी स्टँडच्या गलक्यात धड बोलता आलं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

काल वर्षभराचं काम ठरवायला बैठक होती. स्वच्छ इंधन म्हटलं की प्रत्येकाचं दैवत वेगळं. एकाला इलेक्ट्रिक रिक्षा हव्यात, एकाला सीएनजी, आणि साखर कारखान्यात उमर घालवलेले आमचे अण्णा इथेनॉलशिवाय दुसरं बोलत नाहीत. तिघांचंही खरं आहे. पण आम्ही पाच माणसं. सगळीकडे हात घातला तर वर्षाअखेरीस फोटो तेवढे उरतील. मी एकच धरून बसलो: सुरुवात ऊस वाहतुकीपासून.

दसऱ्याला बॉयलर पेटतील, दिवाळीच्या आगेमागे गव्हाणीत मोळी पडेल, आणि मग चार-पाच महिने रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर. कारखान्याच्या दारात रात्रभर रांग. गाडी चार हात पुढं सरकते, थांबते, परत सरकते. थंडीत इंजिन बंद केलं तर सुरू व्हायचं नाही या धास्तीनं ड्रायव्हर ते चालूच ठेवतात. मागच्या गाडीवाला पुढच्याचा धूर खात बसतो. दादांनी वीस वर्षं असाच ट्रॅक्टर चालवला, तुला माहीत आहे. हंगामात आई त्यांच्या सदऱ्याची कॉलर दगडावर घासायची, तरी काळी रेघ जायची नाही. डिझेलच्या धुरानं कर्करोग होतो असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २०१२ साली स्पष्ट सांगितलं. आमच्या घरात ते कुणी ऐकलंही नव्हतं.

आता गंमत बघ. पंपावरचं डिझेल कधीच सुधारलंय. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धुराचे कडक निकष आले आणि दहा लाख भागांत ५० भाग असलेलं गंधक १० वर आलं. पण ते ज्या इंजिनात जळतं ते जुनंच. ट्रॅक्टरचे नियम वेगळे. ५० अश्वशक्तीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरना कडक निकष लागले तेच मुळी जानेवारी २०२३ पासून. म्हणजे इंधन पुढं गेलं, यंत्र मागं राहिलं. गेल्या आठवड्यात मिरज रस्त्यावरच्या गॅरेजात तासभर उभा होतो. फिटरनं एका ट्रॅक्टरचा एअर फिल्टर काढून आपटला तर वाटीभर माती पडली. नोझल खोलून दाखवलं. डिझेल धुक्यासारखं फवारायचं सोडून थेंबाथेंबानं गळत होतं. असं डिझेल पुरतं जळत नाही, काळा धूर होऊन बाहेर पडतं, आणि पैसे मालकाचेच जातात. नोझल, फिल्टर, इंजिनातल्या डिझेल पंपाचं सेटिंग, एवढं ऊस हंगामाआधी करून घेतलं तरी धूर किती कमी होईल! स्वच्छ इंधनाच्या संस्थेचं पहिलं काम हेच असावं असं माझं ठाम मत आहे.

दुसरं काम गॅसचं. आमच्या शेजारचे रिक्षावाले काका पहाटे चारला उठून सीएनजीच्या रांगेत लागतात. ज्या पंपाला पाइपलाइन नाही तिथं गॅसची गाडी यावी लागते. ती चुकली की दारात दोरी. प्रेशर कमी असलं तर टाकी अर्धीच भरते आणि दुपारी परत रांग. सकाळची शाळेची भाडी बुडाली की त्यांचं तोंड बघवत नाही. अशा माणसाला स्वच्छ इंधनावर भाषण काय द्यायचं? त्याला वेळेवर गॅस पाहिजे.

तो गॅस आपल्याच उसात आहे रे. शंभर टन ऊस गाळला की तीन-चार टन प्रेसमड निघतो, म्हणजे रस गाळून उरणारा, शेतात खत म्हणून पडणारा गाळ. साधारण २५ टन प्रेसमडातून टनभर गॅस मिळतो. रिक्षाच्या टाकीत चारेक किलो बसतो, म्हणजे अडीचशे रिक्षांचं एक-एक भरणं! कच्च्या बायोगॅसमध्ये मिथेन साठेक टक्केच असतो. कार्बन डायऑक्साइड आणि सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड काढून तो नव्वदच्या वर नेला की सीएनजीच्याच टाकीत चालतो. केंद्रानं यासाठी ऑक्टोबर २०१८ मध्ये 'सतत' योजना आणली. शेतकऱ्यांची शंका एकच: आमचं खत जाणार का? नाही जात. गॅस काढून उरलेली स्लरी खतच असते, हे गावोगाव बसून सांगावं लागेल. फक्त गळती होता कामा नये. मिथेन शंभर वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या २८ पट हवा तापवतो. प्रकल्पवाल्यांना हा प्रश्न आम्ही तोंडावर विचारणार.

इथेनॉलचा प्रचार करायची गरजच उरली नाही. २०१८ च्या धोरणात पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळायचं उद्दिष्ट २०३० चं होतं, ते अलीकडं ओढलं आणि २०२५ मध्ये गाठलंही. डिसेंबर २०२३ मध्ये ऐन हंगामात उसाच्या रसापासून इथेनॉल करायला बंदी आली तेव्हा अण्णा रात्रभर झोपले नव्हते, ते वेगळं. लिटरमागं इथेनॉलची ताकद पेट्रोलच्या दोन-तृतीयांश. तेव्हा मायलेज थोडं उतरतं हे लोकांना खरं सांगायचं, आणि जुन्या दुचाकींच्या रबरी नळ्या, टाकीतलं पाणी कसं तपासायचं हे मेकॅनिक मंडळींना मराठीत छापून द्यायचं.

इलेक्ट्रिकचं मी पुढच्या वर्षावर ढकललं, त्यावरून थोडी वादावादी झाली. मला ते नको आहे असं नाही. वीज कोळशाची असली तरी निदान बाजारपेठेतला धूर जातो. पण निम्मे रिक्षावाले भाड्याच्या खोलीत राहतात, रिक्षा गल्लीत उभी. रात्री चार्जिंगची वायर कुठून ओढायची? याचं उत्तर हाती आल्याशिवाय कुणाला कर्ज काढायला सांगायला माझं मन धजत नाही.

आता तुझ्याकडं मागणं. तुमच्या वर्कशॉपमधलं धूर मोजायचं यंत्र दोन दिवस मिळेल का? गॅरेजवाल्यानं जागा दिलीय. ट्रॅक्टरवाले सध्या सर्व्हिसिंगला येतातच, त्यांचा वेगळा खाडा होणार नाही. नोझल बदलायच्या आधी एकदा आणि नंतर एकदा मोजायचं, दोन्ही आकडे मालकाच्या हातात द्यायचे. ते यंत्र तुझ्याइतकं कुणाला कळत नाही, तेव्हा नुसतं पाठवू नकोस, तूच घेऊन ये.

दादांनाही येणाऱ्या शनिवारचं सांगितलंय. पहिला ट्रॅक्टर मीच आणतो म्हणाले. स्वारगेटवरून शुक्रवारी रात्रीची एसटी पकड, पहाटे मी स्टँडवर थांबतो.

तुझा,
जुना सोबती