परीक्षेचा अर्ज आणि घरातला रियाज

मा. संपादक,
सादर नमस्कार.

संगीताच्या परीक्षांचे निकाल लागले, की लहान वयात वरची परीक्षा उत्तीर्ण झालेल्या मुलामुलींची छायाचित्रे वृत्तपत्रांतून प्रसिद्ध होतात. त्या मुलांचे कौतुक व्हायलाच हवे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. मात्र गेली एकवीस वर्षे मी परीक्षा केंद्रांवर गायनाच्या परीक्षार्थींना तबल्याची साथ करत आलो आहे आणि परीक्षकांच्या टेबलापासून चार हातांवर बसून जे दिसते, ते त्या छायाचित्रांत येत नाही. ते पालकांपर्यंत पोहोचावे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

दहा-बारा वर्षांचे मूल समोर येऊन बसते. परीक्षक भूप राग विचारतात. मूल आरोह-अवरोह सांगते, छोट्या ख्यालाची (द्रुत लयीतल्या बंदिशीची) स्थायी आणि अंतरा, म्हणजे तिचे दोन भाग, नीट म्हणते, मग वहीत उतरवून घेतलेल्या ताना, म्हणजे जलद स्वरांचे तुकडे, ठरलेल्या मात्रेपासून एकामागून एक घेते. इथपर्यंत सारे सुरळीत असते. परीक्षकांनी लय थोडी उतरवायला सांगितली, की मूल गडबडते, तान समेच्या, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेच्या, आधीच संपते आणि ते माझ्याकडे अशा नजरेने बघू लागते, जणू चूक तबल्याची आहे. दोष त्या मुलाचा नसतो. त्याने आजवर फक्त मोबाइलमधल्या तबल्याबरोबर, एकाच लयीत रियाज केलेला असतो आणि मोबाइलमधला तबला कोणाचे ऐकत नाही. पुढे परीक्षक म्हणतात, ‘आता वहीतले नको, दोन आलाप तुझ्या मनाने घे.’ त्यानंतर खोलीत फक्त तानपुरा ऐकू येतो. बाहेर व्हरांड्यात त्याच वेळी पुढच्या मुलाची आई त्याच्याकडून वादी-संवादीची, म्हणजे रागातल्या दोन प्रमुख स्वरांची, व्याख्या शेवटची एकदा म्हणवून घेत असते.

यावरून कोणी परीक्षाच वाईट असा निष्कर्ष काढू नये. पं. विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केले, तेव्हा गाणे शिकायचे तर गुरूची मर्जी आणि घराण्याचा उंबरठा ओलांडावा लागत असे. संगीताची परंपरा नसलेल्या घरातल्या मुलालाही क्रमाने, ठरलेल्या अभ्यासक्रमाने शिकता यावे, ही त्यामागची मोठी गोष्ट होती. त्यांच्या निधनानंतर १९३१ साली शिष्यांनी उभ्या केलेल्या मंडळाच्या परीक्षा आजही प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार अशा पायऱ्यांनी चालतात. पाश्चात्त्य संगीताच्या श्रेणी-परीक्षा घेणारे लंडनचे असोसिएटेड बोर्ड तर १८८९ सालचे आहे. आपण कुठवर आलो हे मुलाला कळते, शिक्षकाला अभ्यासक्रम सोडून भरकटता येत नाही आणि अनोळखी माणसासमोर गाण्याची सवय होते, हे फायदे मी रोज पाहतो. माझा आक्षेप आहे तो अर्ज कधी भरला जातो, याला. वर्षातून दोन सत्रे असतील तर दोन अर्ज भरलेच पाहिजेत, मागची परीक्षा झाली म्हणजे पुढचीची वेळ झालीच, असा हिशेब पालक करतात. आणि सांगायला संकोच वाटतो, पण काही शिक्षकही तो मान्य करतात, कारण नाही म्हटले तर मूल दुसऱ्या क्लासला जाते.

माझे म्हणणे एवढेच आहे, की ज्या श्रेणीचा अर्ज भरायचा, त्या श्रेणीचे गाणे मूल परीक्षेचा विषय निघण्याच्या आधीपासून घरात सहज गात असले पाहिजे. आणि ते गाते की नाही, हे ठरवायला घरात कोणीतरी त्याचा रियाज ऐकत असले पाहिजे. क्लास आठवड्यातून एक किंवा दोन तासांचा. उरलेले सगळे दिवस घरचे असतात आणि त्या दिवसांत काय घडते, याची शिक्षकाला कल्पना नसते.

‘आम्हाला संगीतातले काही कळत नाही,’ असे उत्तर यावर हमखास मिळते. ते मला पटत नाही. व्हायोलिन शिकवणारे जपानी शिक्षक शिनिची सुझुकी मूल भाषा जशी ऐकून ऐकून, घरातल्या माणसांच्या सहवासात शिकते तसेच संगीत शिकू शकते, असे मानत. म्हणून त्यांच्या पद्धतीत पालकाने मुलाबरोबर वर्गात बसायचे, घरी त्याच्याबरोबर सराव करायचा आणि सुरुवातीला स्वतःही वाद्य थोडेसे हाताळून पाहायचे, अशी अपेक्षा असते. पालकाने कलाकार व्हावे, हा त्यात हेतू नाही. मूल कशाशी झगडते आहे, ते त्याला कळावे, एवढाच आहे.

रियाज ऐकायचा म्हणजे नेमके काय ऐकायचे, हा खरा प्रश्न आहे आणि त्यावर थोडे सविस्तर लिहितो. ऑस्ट्रेलियातल्या गॅरी मॅकफर्सन आणि जेम्स रेनविक या संशोधकांनी नव्याने वाद्य शिकणाऱ्या काही मुलांच्या घरच्या सरावाचे चित्रीकरण अभ्यासले. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार सरावाच्या वेळेपैकी ९० टक्क्यांहून अधिक वेळ मुले धडा सुरुवातीपासून शेवटपर्यंत नुसता वाजवून काढत होती. चुकलेल्या जागेवर थांबणे, तेवढाच तुकडा वेगळा काढणे, तो सावकाश वाजवून पाहणे, हे जवळजवळ नव्हतेच. हे वाचून मला जराही आश्चर्य वाटले नाही. आपल्याकडेही मूल अंतऱ्यात अडले की पुन्हा स्थायीपासून सुरू करते, मुखडा शंभर वेळा गाऊन गुळगुळीत होतो आणि अंतऱ्यातला तार षड्ज, म्हणजे वरचा सा, आहे तिथेच लटकत राहतो. तबल्याच्या विद्यार्थ्याचेही हेच. कायद्याचा (तबल्यावरच्या ठरलेल्या बोलरचनेचा) मुख आणि पहिले दोन पलटे, म्हणजे त्या बोलांचे विस्तार, झोकात, पुढचे बोल अर्धवट, आणि वेग मात्र कमी करायचा नाही.

हे ओळखायला स्वरज्ञान लागत नाही. मूल दर वेळी एकाच ठिकाणी थांबते आहे, हे कोणाच्याही कानाला कळते. अशा वेळी ‘पुन्हा चुकलास’ असे दुसऱ्या खोलीतून ओरडण्यापेक्षा जवळ बसून ‘कुठे अडतंय? तेवढाच तुकडा निम्म्या लयीत चार वेळा म्हण,’ एवढे म्हटले तरी पुरते. तुकडा बसला की त्याच्या आधीची एक ओळ जोडायची, मग पूर्ण बंदिश. रियाजाच्या शेवटी मात्र मुलाला जे आवडते ते एकदा, न थांबवता, मनासारखे गाऊ द्यावे. तिथे कोणी दुरुस्ती करू नये. वेळेचे म्हणाल, तर लहान मुलाला रोजची पंधरा-वीस मिनिटे रविवारच्या सलग दोन तासांपेक्षा फार उपयोगी पडतात, कारण गळा आणि बोटे अधूनमधून मिळालेल्या विश्रांतीतही शिकत असतात. वाद्य हाताशी असावे. गवसणीत घालून माळ्यावर ठेवलेला तबला काढण्यातच निम्मा उत्साह जातो. आणि त्या वेळी घरातला टीव्ही बंद असावा, ही अट मुलासाठी नसून मोठ्यांसाठी आहे.

पाश्चात्त्य श्रेणी-परीक्षांची गुणपद्धती मला या बाबतीत बोलकी वाटते. असोसिएटेड बोर्डाच्या प्रत्यक्ष परीक्षेत एकूण १५० गुण असतात. त्यांपैकी तयार करून आणलेल्या तीन रचनांना प्रत्येकी ३०, म्हणजे ९०. उरलेले ६० गुण स्वरसप्तकांच्या सरावाला २१, न पाहिलेली स्वरलिपी तिथल्या तिथे वाचून वाजवण्याला २१ आणि कानाच्या चाचणीला १८ असे विभागलेले आहेत. उत्तीर्ण होण्यासाठी १०० लागतात. तीन रचना महिनोन्महिने घोटून पाठ करता येतात, पण स्वरलिपी वाचणे आणि कानाने ओळखणे या दोहोंचे ३९ गुण महिनाभर आधी जागे होऊन मिळत नाहीत. ते वर्षभर रोज थोडे ऐकण्या-वाचण्यातूनच येतात. शिवाय सहाव्या श्रेणीला बसण्याआधी साधारणपणे पाचव्या श्रेणीची संगीतशास्त्राची परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. आपल्या परीक्षांतही राग ओळखणे, ताल हातावर दाखवणे, स्वर ऐकून म्हणणे असे प्रकार असतात आणि मुले सर्वाधिक तिथेच अडतात, कारण घरात कधी कोणी ‘हा कोणता ताल आहे रे?’ असे सहज विचारलेलेच नसते.

मुलग्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट पालकांनी लक्षात घ्यावी. साधारण बारा ते चौदा-पंधरा या वयात आवाज फुटतो. काल काळी चारच्या (पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीच्या सुरात) पट्टीत सहज गाणारा मुलगा आज त्याच पट्टीत तार षड्जाला चिरकतो आणि खर्जात, म्हणजे खालच्या सुरांत, अनोळखी आवाज निघतो. हा बेसूरपणा नव्हे, की रियाज कमी पडल्याचे लक्षण नव्हे. स्वरयंत्र वाढत असल्यामुळे असे होते आणि ते स्थिरावायला काही महिने, कधी वर्ष-दोन वर्षे लागतात. या काळात शिक्षक पट्टी खाली उतरवतात, जोरकस ताना थांबवतात आणि ऐकण्यावर भर देतात. नेमक्या याच काळात मध्यमाचा अर्ज भरून आणलेली आणि परीक्षेत ताणून गाणारी मुले मी पाहिली आहेत, आणि खरे सांगायचे तर त्या वेळी ठेका धरताना मला फार अवघडल्यासारखे होते. अशा वेळी परीक्षा वर्षभर पुढे ढकलण्यात कमीपणा काहीच नाही.

हे सगळे लिहिण्याचा अधिकार मला माझ्या स्वतःच्या चुकीमुळे आला आहे, हेही कबूल केले पाहिजे. माझ्या मुलीच्या मध्यमा पूर्णच्या, म्हणजे मध्यमाच्या दुसऱ्या परीक्षेच्या, आधी मी रागांची यादी भिंतीवर लावली होती आणि रोज एकेका रागावर खूण करत होतो. साथीदार असूनही तिच्याबरोबर बसताना माझे लक्ष तिच्या गाण्यापेक्षा त्या यादीकडे असे. तिला प्रथम श्रेणी मिळाली. त्यानंतर पाच महिने तिने तानपुऱ्याला हात लावला नाही. तिच्या गुरूंनी मला वर्षभर तिला काहीही न विचारण्याची ताकीद दिली आणि तिला कोणत्याही अभ्यासक्रमात नसलेला एक तराणा, म्हणजे अर्थाच्या शब्दांऐवजी नुसत्या बोलांनी गायची रचना, शिकायला दिला. त्यातले ‘दिर दिर’ जिभेवर बसवण्यासाठी ती हट्टाने बसू लागली, मीही तबला काढून शेजारी बसू लागलो, आणि आवर्तने कोणी मोजली नाहीत. विशारदच्या पहिल्या वर्षाचा अर्ज तिने स्वतःहून तिसऱ्या वर्षी आणून माझ्यासमोर ठेवला.

तेव्हापासून माझ्याकडे येणाऱ्या पालकांना मी दोन सूचना करतो. परीक्षेच्या प्रत्येक रागामागे निदान एक रचना अशी शिकू द्या, जी कोणी कधी विचारणार नाही; आणि परीक्षेपूर्वी चार-सहा वेळा तरी माणसाच्या हातच्या तबल्याबरोबर गाऊ द्या. निकाल मनासारखा लागला नाही, तर त्या दिवशी त्यावर काही बोलू नये. आठवडाभराने शिक्षकांबरोबर बसून कोणत्या भागात गुण गेले ते पाहावे आणि पुढचा अर्ज कधी भरायचा ते मुलाला विचारावे.

संपादक महोदय, आपल्याकडून एकच अपेक्षा आहे. यशस्वी मुलांची छायाचित्रे जरूर छापावीत, परंतु वय आणि श्रेणी यांच्याबरोबर ते मूल किती वर्षे शिकत आहे आणि सध्या परीक्षेबाहेरचे काय गाते किंवा वाजवते, ही एक ओळही द्यावी. ती माहिती द्यायला पालकांना फार वेळ लागू नये. लागलाच, तर निदान ते मुलाला विचारतील.

आपला विश्वासू,
एक तबलासाथीदार