माझ्या कुंड्या सांभाळणाऱ्या काकूंना

ती. काकूंना,
शि. सा. नमस्कार.

समोरासमोर आभार मानायला गेलं की तुम्ही "त्यात काय एवढं, पाणीच तर घातलं" म्हणता आणि विषय बदलता. म्हणून हे पत्र लिहितेय, आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय. तुम्ही जे केलंत ते घरात कुंड्या असलेल्या प्रत्येकाच्या उपयोगाचं आहे.

आईच्या आजारपणात मी बरेच दिवस घराबाहेर होते. किल्ली देताना घाईत एवढंच म्हणाले होते, की जमेल तसं झाडांना पाणी घाला. तुम्ही प्रत्येक कुंडी पारखून पाणी दिलंत, बहुतेकींना खालून, म्हणजे पाण्याच्या टबात ठेवून, दिलंत, आणि काय केलं, का केलं ते एका वहीत लिहून ठेवलंत. परत आले तेव्हा झाडं टवटवीत होती, त्याचा आनंद झालाच. पण रात्री ती वही उघडली आणि शेवटच्या पानापर्यंत वाचूनच खाली ठेवली.

पहिली नोंद पीस लिलीची आहे. "वरून पाणी घातलं, लगेच ताटलीत आलं. कुंडी उचलून पाहिली तर हलकीच. आत कोरडी आहे. टबात ठेवते." एवढ्या चार वाक्यांत सगळं आलं. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, एकदा पुरतं सुकलं की पाणी त्यात लगेच मुरत नाही. शिवाय सुकताना मातीचा गोळा आक्रसतो आणि कुंडीच्या कडेपासून सुटतो. मग वरून ओतलेलं पाणी त्या फटीतून थेट खाली जातं. ताटली भरते, वरची माती ओली दिसते, आणि मुळांच्या मधला गड्डा मात्र ठणठणीत कोरडा राहतो. पानं माना टाकतात, आपण आणखी पाणी ओततो, तेही त्याच वाटेनं निघून जातं. तुम्ही कुंडी उचललीत म्हणून ते कळलं.

तुमची पद्धत मी आता तशीच्या तशी उचलली आहे. कुंडीच्या साधारण एक तृतीयांश उंचीपर्यंत टबात पाणी घ्यायचं, कुंडी त्यात अलगद ठेवायची आणि आपल्या कामाला लागायचं. मध्यम आकाराच्या कुंडीला 20 ते 30 मिनिटं पुरतात, फार सुकलेली असेल तर तासभरही लागतो. परवा मी मुद्दाम टबाशेजारी बसून पाहिलं. सुरुवातीला भोकांपाशी बारीक बुडबुडे आले, टबातली पातळी हळूहळू उतरली. बराच वेळ वर काहीच दिसेना. मग फिक्या तपकिरी कोकोपीटवर एका बाजूला गडद डाग उमटला, तो पसरत पसरत खोडापर्यंत आला. बोट लावलं तर गार ओलावा. तुमच्या वहीत याला "वर पोचलं" असं म्हटलंय. वर पोचलं की कुंडी बाहेर काढायची, 10–15 मिनिटं निथळू द्यायची, मगच जागेवर ठेवायची. निथळण्याबद्दल तुम्ही दोनदा खाली रेघ मारली आहे आणि ते रास्तच आहे. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. कुंडी दिवसचे दिवस पाण्यात उभी राहिली तर मातीतल्या सगळ्या पोकळ्या पाण्यानं भरतात, मुळं गुदमरतात आणि कुजायला लागतात.

पाणी वर चढतं ते केशाकर्षणानं, हे शाळेत शिकलेलं असतं, पण कुंडीत ते पाहण्यात वेगळीच मजा आहे. मातीच्या कणांमध्ये अगदी बारीक पोकळ्या असतात. पाणी कणांना चिकटतं, पाण्याचे रेणू एकमेकांना धरून ठेवतात, आणि असं ओढत ओढत ते गुरुत्वाकर्षणाला न जुमानता वर जातं. पोकळी जितकी बारीक तितकं पाणी उंच चढतं. कुंडीत जे भरलंय ते भरड असलं की चढाई लवकर थांबते. म्हणूनच ऑर्किडपुढे तुम्ही लिहिलंत, "सालीचे मोठे तुकडे आहेत, खालून चढणार नाही. वरून भरपूर, मग निथळून." एकच पद्धत सगळ्यांना लावली नाहीत, याचं मला फार कौतुक वाटतं.

ड्रसीनाच्या कुंडीची नोंद तर मी पुन्हा पुन्हा वाचली. टबात ठेवूनही माती ओली होत नव्हती, तेव्हा तुम्ही भोकातून काडी घालून पाहिलंत आणि तळाशी खड्यांचा जाड थर सापडला. "पाणी खड्यांच्या वर आलं पाहिजे, नाहीतर मातीला लागणारच नाही." अगदी खरं. खड्यांमधल्या पोकळ्या इतक्या मोठ्या असतात की पाणी त्यांतून वर चढत नाही. निचऱ्यासाठी खडे घालावेत हा सल्ला सर्रास दिला जातो, पण त्यानं निचरा सुधारत नाही. भिजवलेला स्पंज उभा धरला की वरून निथळतो आणि खालच्या कडेला पाणी धरून ठेवतो. कुंडीतल्या मातीचंही तसंच होतं. तळाशी काही उंचीचा थर नेहमीच चिंब राहतो. खाली खडे घातले की तो थर फक्त वर सरकतो, मुळांच्या आणखी जवळ. ड्रसीनाची कुंडी आता मी बदलली आहे. तळाला नुसती जाळी ठेवली आणि सगळी माती घातली.

आफ्रिकन व्हायोलेटसाठी तुम्ही वेगळा लहान वाडगा ठेवलात आणि पाणी आधी खोलीत ठेवून मग वापरलंत. हे झाड मूळचं पूर्व आफ्रिकेतलं, टांझानियातल्या उसांबरा डोंगरांच्या सावलीतलं. 1892 साली ते युरोपात पोचलं आणि लोकांच्या खिडक्यांमध्ये जाऊन बसलं. पानं लवदार, बुटकी, जमिनीलगत पसरलेली. वरून झारीनं पाणी घालायला गेलं तर पानांवर पडणारच. गार पाणी पडलं की तिथे फिके डाग आणि वलयं उठतात आणि ती जात नाहीत. पाणी मधल्या गाभ्यात साचून राहिलं तर गाभाच कुजतो. खालून पाणी देण्यासाठी याच्याइतकं योग्य झाड घरात दुसरं नाही. परत आले तेव्हा त्याच्या एकाही पानावर डाग नव्हता. जांभळ्या कळ्यांचा झुबका होता, तो तुमच्या हातचा.

मातीवर घोंघावणारी काळी चिलटं आटोक्यात ठेवायलाही खालून पाणी देण्याचा उपयोग होतो. त्यांची अंडी आणि अळ्या मातीच्या वरच्या काही सेंटीमीटर ओल्या थरात असतात. तो थर अधूनमधून नीट सुकला की त्यांची पैदास कमी होते. तुम्ही काही कुंड्या पाणी पार वर यायच्या आधीच टबातून काढल्यात, ते याचसाठी.

आता जे मला सगळ्यांना ओरडून सांगावंसं वाटतं ते. खालून पाणी द्यायचं कौतुक करणारे पुष्कळ भेटतात, पण त्याची दुसरी बाजू क्वचितच कोणी सांगतं. तुम्ही ती वहीच्या आतल्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलीत: "महिन्या-दोन महिन्यांतून एकदा वरून भरपूर पाणी, खालून वाहून जाऊ द्यायचं." नळाच्या पाण्यात क्षार असतात, खतातही असतात. पाणी खालून वर चढतं, वरून उडून जातं आणि क्षार मागे राहतात. सतत खालूनच पाणी दिलं तर ते वरच्या थरात साठत जातात. मातीवर आणि कुंडीच्या काठावर पांढरट पापुद्रा दिसू लागतो, पानांची टोकं करपतात. वरून सोडलेलं पाणी ते क्षार धुऊन नेतं. ते वाहून आलेलं पाणी ताटलीत ठेवायचं नाही, नाहीतर कुंडी तेच परत पिते. पुठ्ठ्यावरचं हे वाक्य मी मैत्रिणींना फोटो काढून पाठवलं आहे.

आणखी एक गोष्ट तुम्ही सहज केलीत, ती मला सुचली नसती. मनी प्लांटच्या मुळांचा तुम्हाला संशय आला, म्हणून त्याचा टब वेगळा केलात आणि त्याचं उरलेलं पाणी दुसऱ्या कुठल्याही कुंडीला दिलं नाहीत. एका टबात पाच कुंड्या बसवणं सोयीचं वाटतं, पण पिथियमसारखे मूळकूज आणणारे रोग पाण्यातूनच एका झाडाकडून दुसऱ्याकडे जातात.

रबर प्लांटची मोठी कुंडी उचलणं शक्यच नव्हतं. "जड आहे. वरून, तीन हप्त्यांत, थांबत थांबत." हेही मला पटलं. खालून पाणी दिलं की मुळं आपोआप खोल आणि बळकट होतात असं म्हणणारे आहेत. मला ते फारसं पटत नाही. पाणी कुठल्या दिशेनं आलं याच्याशी झाडाला कर्तव्य नसतं. सगळा गड्डा सारखा भिजला आणि मग त्याला हवा मिळाली की झालं. वरून धीरानं घातलं तरी ते साधतं. खालून दिलं की ते सहज साधतं, एवढाच काय तो फरक.

आणि स्नेक प्लांट! वहीतल्या त्याच्या पानावर तुम्ही ओळीनं एकच शब्द लिहीत गेला आहात: "नको." "नको." "नको." मग एकदा "आज दिलं," आणि पुन्हा "नको." ते झाड जाड पानांत आणि जमिनीखालच्या कंदासारख्या खोडात पाणी साठवून ठेवतं. माती पार सुकेपर्यंत त्याला काही लागत नाही. खालून पाणी दिलं म्हणजे जास्त पाणी होणारच नाही, असा अनेकांचा समज असतो. तो खोटा आहे. रोज टबात ठेवलं तर खालूनही झाड मरतं. तुम्ही दर वेळी आधी कुंडी उचललीत, वजन पाहिलंत आणि मग ठरवलंत. "हलकी", "मध्यम", "जड" हे शब्द वहीत सगळीकडे आहेत. प्लॅस्टिकच्या कुंडीत हा अंदाज लवकर बसतो. मातीची कुंडी स्वतःही पाणी पिते आणि अंगावाटे उडवते, त्यामुळे तिचा अंदाज वेगळा ठेवावा लागतो. तोही तुम्ही वेगळा लिहिलात.

काकू, त्या दिवसांत माझं सगळं लक्ष आईकडे होतं आणि तेच असायला हवं होतं. घरी काही जिवंत आहे, त्याला कोणीतरी विचारपूर्वक पाहतंय, ही काळजी तुम्ही माझ्या डोक्यावरून उतरवलीत. फोनवर कधी "तुझं अमुक झाड सुकलं" असं कळवून मला त्रास दिला नाहीत. आई आता बरी आहे. तिनंही वही वाचली आणि तुम्हाला नमस्कार सांगितला आहे.

वही परत मागू नका, ती मी ठेवून घेते आहे. तुमच्यासाठी कोरी आणली आहे. पुढच्या महिन्यात तुम्ही लेकीकडे जाणार आहात असं कळलं. तुमच्या कुंड्यांची किल्ली माझ्याकडे द्या. निघण्याआधी एकदा तुमच्यासोबत प्रत्येक कुंडी उचलून पाहीन, म्हणजे तुमच्या "हलकी"चं वजन माझ्या हाताला कळेल. आणि तुमच्या दारातल्या त्या फर्नला खालून द्यायचं की वरून, तेवढं आधीच सांगून ठेवा.

तुमची,
खालच्या मजल्यावरची