बेदाण्याच्या हंगामात कुत्र्यांना जपा

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ आणि जत या भागात फेब्रुवारी ते एप्रिल हे महिने बेदाण्याचे असतात. द्राक्षे जाळ्यांवर वाळवायची शेड स्वतःची असो वा नसो, ओळखीपाळखीतून दोन-चार किलो माल बहुतेक घरांत येऊन पडतोच. बाळंतिणीला आणि शाळकरी पोरांना ताकद यावी म्हणून आपण मूठभर बेदाणे देतो. तेच बेदाणे दारातल्या कुत्र्याच्या जिवावर बेततील, असे कोणाच्या मनातही येत नाही. माझ्याही आले नव्हते.

गेल्या मार्चमध्ये आमच्या सात वर्षांच्या कारवानी कुत्र्याने ओसरीवरची पिशवी फाडून अंदाजे पावशेर बेदाणे खाल्ले. रात्री त्याला उलट्या झाल्या, तेव्हा उन्हाचा त्रास असेल असे समजून आम्ही ताक पाजले. दुसऱ्या दिवशी त्याने भाकरीला तोंड लावले नाही, नुसते पाणी पीत राहिला. तिसऱ्या दिवशी लघवी जवळजवळ थांबली, तेव्हा कुठे आम्ही दवाखाना गाठला. डॉक्टरांनी पहिल्यांदा विचारले ते हेच, की याने द्राक्षे किंवा बेदाणे खाल्ले होते का. रक्ततपासणीत मूत्रपिंडे निकामी झाल्याचे दिसले आणि पाचव्या दिवशी तो गेला. ती पिशवी फाटलेली आम्ही पहिल्याच संध्याकाळी पाहिली होती, ही टोचणी अजून जात नाही.

द्राक्षे आणि बेदाणे यांमुळे कुत्र्यांच्या मूत्रपिंडांना इजा होते, हे पशुवैद्यकांना वीस वर्षांहून अधिक काळ ठाऊक आहे. ती का होते, हे मात्र बराच काळ उमगत नव्हते. २०२१ मध्ये अमेरिकेतील पशुवैद्यकांनी द्राक्षांतील टार्टारिक आम्लाकडे लक्ष वेधले आणि आज तेच सर्वांत संभाव्य कारण मानले जाते. (हेच आम्ल चिंचेतही भरपूर असते, म्हणून चिंचाही कुत्र्यांपासून दूर ठेवाव्यात.) द्राक्षाची जात आणि पक्वता यांनुसार आम्लाचे प्रमाण बदलते, त्यामुळे एखादे कुत्रे ओंजळभर खाऊन ठणठणीत राहते, तर दुसरे थोडक्यानेच आजारी पडते. आमच्या शेडवरची कुत्री खाली पडलेला माल रोज खातात आणि त्यांना काही होत नाही, असे मला अनेक बागायतदारांनी सांगितले. ते खरेच सांगतात. परंतु किती बेदाणे खाल्ले तर चालतील, हे आज कोणीही पशुवैद्य सांगू शकत नाही, आणि कालच्या मालाने काही झाले नाही म्हणून उद्याच्या मालाने होणार नाही, असे धरून चालणे घातक आहे. त्यातही सुमारे चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होत असल्याने बेदाण्याचा धोका ताज्या द्राक्षांहून अधिक असतो. प्रसादाच्या शिऱ्यातला किंवा लाडवातला बेदाणाही निर्धोक नाही.

या विषबाधेवर उतारा नाही, वेळेवर उपचार मात्र आहे. पहिल्या दोन तासांत नेल्यास डॉक्टर औषधाने उलटी करवतात, नंतर सलाईन लावून दोन-तीन दिवस मूत्रपिंडांची तपासणी करत राहतात. त्यामुळे कुत्र्याने बेदाणे खाल्ल्याचे कळताच, ते खेळते-बागडते दिसत असले तरी, लक्षणांची वाट न पाहता दवाखान्यात न्यावे. घरी मिठाचे पाणी पाजून उलटी करवण्याचा प्रयत्न मात्र कोणी करू नये, कारण जास्त मीठ हेही कुत्र्याला विषच ठरते.

शेडमालकांना माझी विनंती आहे की त्यांनी जाळ्यांखाली पडलेला माल रोज झाडून घ्यावा आणि टाकाऊ बेदाणा उघड्या उकिरड्यावर न टाकता खड्ड्यात पुरावा. पाकिटे भरणाऱ्यांनी ‘कुत्र्यांना खायला देऊ नये’ एवढी एक ओळ पाकिटावर छापली, तर आमच्यासारख्या कित्येक घरांना वेळीच कळेल. जनावरांच्या दवाखान्यांतही लसीकरणाला कुत्रे आणणाऱ्या प्रत्येकाला ही गोष्ट तोंडी सांगितली जावी. आपणही हे पत्र शक्यतो जानेवारीअखेर, म्हणजे शेडवर माल पडण्याआधी प्रसिद्ध करावे, ही नम्र विनंती.

आपला,
एक वाचक, तासगाव (जि. सांगली)