मुद्देमाल कक्षात गंजणारी वारशाची रायफल

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वडिलांच्या निधनानंतर आजोबांची .३७५ बोअरची रायफल आम्ही कायद्याप्रमाणे पोलीस ठाण्यात जमा केली आणि परवाना वारसाहक्काने माझ्या नावावर होईपर्यंत तिने तिथे दोन पावसाळे काढले. परत मिळाली तेव्हा ती गोणपाटात गुंडाळलेली होती. घरी आणून बोल्ट, म्हणजे नळी मागून बंद करणारा दांडा, काढला आणि नळीतून उजेडाकडे पाहिले, तर पूर्वी आरशासारख्या चकाकणाऱ्या, गोळीला फिरकी देणाऱ्या खाचांमध्ये तपकिरी खपल्या धरल्या होत्या. बाहेरून, जिथे पावती क्रमांकाची चिठ्ठी सुतळीने बांधली होती, तिथे नळीभोवती गंजाचे कडे उमटले होते. ज्या हवालदारांनी ती हाती दिली त्यांना दोष देण्याचे कारण नाही, कारण अशी वस्तू कशी ठेवायची हे त्यांना कोणी सांगितलेलेच नव्हते.

रायफलची नळी गोळ्या झाडून झिजते, असा सर्वसाधारण समज आहे. तो खोटा नाही. जळत्या दारूच्या प्रचंड उष्णतेने चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसते त्या जागेच्या, लगेच पुढचा भाग आधी करपतो, त्याला उन्हाळ्यातल्या भातखाचराच्या जमिनीसारख्या बारीक भेगा पडतात आणि हळूहळू खाचांच्या कडा बोथट होतात; जुन्या काडतुसांतील कॉर्डाइट ही दारू नायट्रोग्लिसरीनमुळे फारच तापट जळे, त्यामुळे ही झीज लवकर होई. पण त्यासाठी बार बरेच व्हावे लागतात. शिकारीच्या रायफलचे आयुष्यभरातले बार पुष्कळदा काही शेकड्यांतच असतात, आणि १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आमच्या घरात तर ती शिकारीसाठी कोणी उचललेलीच नाही. अशा नळ्या खराब होतात त्या गंजाने आणि चुकीच्या साफसफाईने.

आजोबा रानातून कितीही उशिरा परतले, तरी चुलीवर आधण ठेवायला सांगत आणि स्वतः चहा घेण्याआधी ते उकळते पाणी नरसाळ्याने नळीत ओतत. लहानपणी मला ते विचित्र वाटे. कारण पुढे कळले. त्या काळच्या काडतुसांच्या ठिणगी पाडणाऱ्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे, बार उडाल्यावर त्याचे पोटॅशियम क्लोराइड होऊन नळीत चिकटे, आणि हा क्षार मिठासारखाच हवेतले पाणी ओढून घेतो. तो तेलात विरघळत नाही, पाण्यातच विरघळतो. म्हणून आधी पाणी, मग कोरडे फडके आणि शेवटी तेलाचा पातळ हात, असा त्यांचा क्रम होता. साठ वर्षे या शिस्तीने जी नळी टिकली, तिला दोन पावसाळ्यांत खड्डे पडले. खपल्या तेलाने आणि मऊ ब्रशने निघतील, पण पोलादात पडलेला खड्डा भरून येत नाही.

शस्त्र अधिनियम, १९५९च्या कलम २१नुसार परवाना संपला किंवा परवानाधारक वारला, की शस्त्र जमा करावेच लागते, आणि ते योग्यच आहे. २०१९च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडे दोनपेक्षा अधिक बंदुका ठेवता येत नाहीत, त्यामुळेही अनेक घरांतली तिसरी बंदूक जमा झाली. निवडणुकीच्या काळात जमा होणाऱ्या शस्त्रांची भर वेगळीच. माझे म्हणणे एवढेच, की कोकणासारख्या दमट जिल्ह्यांत जमा करून घेताना मालकाला तिथेच तेल लावू द्यावे, नळीची आतली स्थिती पावतीवर नोंदवावी, गोणपाट आणि ओली सुतळी टाळावी आणि पावसाळ्यात महिन्यातून एकदा पोलिसांच्या समक्ष शस्त्र पुसण्याची मुभा द्यावी. याला खर्च जवळजवळ नाही. परवानाधारक विक्रेत्याकडे शस्त्र ठेवण्याची सोय याच कलमात आहे, ती तरी ठाण्यातून लोकांना आवर्जून सांगितली जावी.

ज्यांच्या घरी अशी रायफल आहे त्यांनाही हात जोडून विनंती आहे, की गंज दिसताच पॉलिश पेपर हाती घेऊ नका. त्याने गंजाबरोबर मूळचा काळा मुलामा आणि नळीची चाचणी घेणाऱ्या प्रूफ हाउसचे ठसेही जातात, आणि कारखान्याचा अनुक्रमांक पुसट झाला तर कायद्याचे लचांड मागे लागते. मुलामा नव्याने चढवून देतो असे कोणी म्हणाले, तर दुनळीच्या बाबतीत विशेष सावध राहा, कारण तिच्या नळ्या जोडणारा धातूचा डाक मुलाम्याच्या गरम क्षारद्रावणात सुटू शकतो. सफाईची सळई शक्य असेल तिथे मागच्या बाजूनेच घालावी. सफाईची मळकी दोरी तोंडाकडून तिरकी ओढत राहिल्याने नळीचे तोंड एका अंगाला झिजते आणि मग गोळी सरळ जात नाही. चामड्याच्या पेटीत रायफल कायमची ठेवू नये, ते चामडे ओल धरते. खंडेनवमीला आम्हीही शस्त्रपूजा करतो, पण ओले हळद-कुंकू रात्रभर पोलादावर राहू न देता त्याच संध्याकाळी पुसून तेलाचा हात फिरवतो. आणि वर्षानुवर्षे पडून असलेल्या नळीतून, जाणत्या कारागिराने तपासल्याशिवाय, एकही बार काढू नये.

येत्या पावसाळ्यापूर्वी गृह विभागाने निदान किनारपट्टीच्या जिल्ह्यांतील पोलीस ठाण्यांना याबाबत लेखी सूचना द्याव्यात, ही विनंती आपल्या पत्राद्वारे संबंधितांपर्यंत पोहोचावी.

आपला,
एक परवानाधारक वाचक, रत्नागिरी जिल्हा