हॅमिल्टनसमोर आधी उभा राहिला तो मॅडिसन

महोदय,

रविवारच्या पुरवणीतील अमेरिकी पक्षांच्या जन्मावरचा लेख वाचला. लेख मेहनतीने लिहिला आहे, पण सगळा झगडा अध्यक्ष वॉशिंग्टनच्या मंत्रिमंडळातल्या हॅमिल्टन आणि जेफरसन या दोन मंत्र्यांचे पटेना म्हणून उभा राहिला, ही त्यातली मांडणी मला मान्य नाही. पहिली फूट पडली ती फेब्रुवारी १७९० मध्ये, न्यू यॉर्कला भरलेल्या प्रतिनिधिगृहात, म्हणजे अमेरिकी संसदेच्या कनिष्ठ सभागृहात. जेफरसन तेव्हा तिथे नव्हताच. परराष्ट्रमंत्रिपदाची सूत्रे घ्यायला तो २१ मार्चला पोहोचला. हॅमिल्टनच्या विरोधात उठला तो तिथला व्हर्जिनियाचा सदस्य जेम्स मॅडिसन. नव्या राज्यघटनेच्या समर्थनासाठी याच दोघांनी जॉन जे याच्या साथीने ८५ लेख लिहिले, त्याला पुरती तीन वर्षेही झाली नव्हती. मग त्यांचे बिनसले कशावरून?

माझी सारी नोकरी कोषागारात गेली. कागद एकाच्या नावाचा आणि पैसे दुसऱ्याच्या हाती, असे झाले की घरात काय होते ते निवृत्तिवेतनधारकांच्या तोंडून ऐकले आहे. म्हणून या प्रकरणात माझा जीव गुंततो. स्वातंत्र्ययुद्धात सरकारकडे रोकड नव्हती. सैनिकांना पगाराच्या बदल्यात, शेतकऱ्यांना उचललेल्या धान्या-जनावरांच्या बदल्यात कर्जाचे रोखे दिले गेले. युद्ध संपले तरी ते वटेनात. घरी परतलेल्या शिपायाला कर भरायचा होता, देणी भागवायची होती. त्याने रोखा मिळेल त्या भावाने विकून टाकला. जानेवारी १७९० मध्ये अर्थमंत्री हॅमिल्टनचा अहवाल आला: रोख्यांची पूर्ण किंमत सरकारने मान्य करायची आणि आज रोखा ज्याच्या हाती आहे, त्यालाच द्यायची. बाजारात याची कुणकुण लागताच सट्टेबाजांनी दूरच्या राज्यांत माणसे पाठवून उरलेले रोखे गोळा करायला सुरुवात केली. तिकडे बातमी पोहोचायच्या आत माल हाती यावा, एवढीच त्यांची घाई!

मॅडिसनचा प्रस्ताव साधा होता. विकत घेणाऱ्याला बाजारातला सर्वांत चढा भाव द्या आणि उरलेली रक्कम मूळ धारकाला. हॅमिल्टनचे म्हणणे असे की रोखा विकता येईल, हे सरकारनेच कबूल केले आहे. तो शब्द फिरवला तर उद्या आपल्याला कर्ज कोण देईल? मतदान झाले, १३ विरुद्ध ३६. मॅडिसन हरला. मूळ धारक शोधून प्रत्येकाचा हिशेब लावणे किती किचकट, हे मला कोणी सांगायला नको. तरीही न्याय मॅडिसनच्या बाजूने होता, असे माझे ठाम मत आहे.

त्यानंतर राज्यांची कर्जे केंद्राने घ्यावीत की नाही, यावर जुंपली. व्हर्जिनियाने आपले बरेचसे फेडले होते. मॅसॅच्युसेट्स आणि दक्षिण कॅरोलिना यांच्या डोक्यावर मोठा बोजा होता. एप्रिलमध्ये ही योजना २९ विरुद्ध ३१ मतांनी पडली. जूनमध्ये जेफरसनने हॅमिल्टन आणि मॅडिसनला घरी जेवायला बोलावले आणि तोडगा निघाला: कर्जे केंद्राकडे, राजधानी दक्षिणेला हवी तशी पोटोमॅक नदीच्या काठी. म्हणजे या टप्प्यावर जेफरसन भांडणारा नव्हे, मध्यस्थ होता. लेखात हे जेवण आहे, पण त्याचा हा अर्थ निसटला आहे. तो उघड विरोधात गेला १७९१ मध्ये, हॅमिल्टनने मांडलेल्या राष्ट्रीय बँकेच्या वेळी. बँकेचे विधेयक ३९ विरुद्ध २० ने मंजूर झाले आणि विरोधातले जवळपास सगळे दक्षिणेकडचे होते.

वृत्तपत्रांविषयी लेखात एकच ओळ आहे, ती फार अपुरी वाटली. हॅमिल्टनचा एक आणि मॅडिसन-जेफरसनचा दुसरा, या गटांना ना कार्यालय होते ना सदस्यनोंदणी. जे काही होते ते वर्तमानपत्र. जॉन फेनोचे 'गॅझेट ऑफ द युनायटेड स्टेट्स' हॅमिल्टनची बाजू लढवी. त्याला उत्तर म्हणून ऑक्टोबर १७९१ मध्ये फिलाडेल्फियात 'नॅशनल गॅझेट' निघाले. संपादक फिलिप फ्रेनो हा कवी, मॅडिसनचा कॉलेजातला सोबती. जेफरसनने त्याला आपल्या खात्यात भाषांतरकाराची नोकरी दिली, वर्षाला २५० डॉलर. सरकारी पगार घेणाऱ्याने सरकारवर तुटून पडणारे पत्र चालवावे, हे मला जेफरसनविषयी आदर असूनही गैरच वाटते.

हे भांडण सभागृहातून रस्त्यावर आणले ते जॉन जे याने ब्रिटनशी केलेल्या आणि हॅमिल्टनच्या बाजूने उचलून धरलेल्या तहाने. १७९५ मध्ये जेचे पुतळे जाळले गेले. पुढच्या एप्रिलमध्ये तहासाठीचा खर्च ५१ विरुद्ध ४८ असा जेमतेम मंजूर झाला. त्याच वर्षीच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत निर्वाचकांच्या मतांपैकी हॅमिल्टनच्या बाजूच्या जॉन अ‍ॅडम्सला ७१ आणि जेफरसनला ६८ मते पडली आणि तेव्हाच्या घटनेनुसार दुसरा आलेला, म्हणजे हरलेला प्रतिस्पर्धी उपाध्यक्ष झाला. घटनाकारांनी पक्ष गृहीतच धरले नव्हते. प्रत्येक निर्वाचक अध्यक्ष-उपाध्यक्ष असा भेद न करता दोन मते देई. १८०० मध्ये जेफरसन आणि त्याचा जोडीदार उमेदवार बर या एकाच पक्षाच्या दोघांना सारखीच ७३ मते पडली, निकालाला प्रतिनिधिगृहात ३६ फेऱ्या लागल्या, तेव्हा कुठे दोन्ही पदांसाठी वेगवेगळी मते घेणारी १८०४ ची बारावी घटनादुरुस्ती झाली. (आपल्याही राज्यघटनेत राजकीय पक्ष आले ते १९८५ मध्ये, पक्षांतरबंदीच्या दहाव्या अनुसूचीतून.)

लेखमालेचा पुढचा भाग जेफरसनच्या कारकिर्दीवर आहे असे दिसते. त्यात त्याच्याआधी लढलेल्या मॅडिसनला आणि कवडीमोलाने रोखे विकलेल्या त्या शिपायांना लेखकांनी जागा द्यावी, ही विनंती.

– एक निवृत्त उपकोषागार अधिकारी, कराड