रियाज अर्ध्यावर आणलाय, बाबा रागावू नका

प्रिय आई-बाबा,

फोनवर सांगायला गेले की बाबा गप्प होतात आणि आई लगेच 'जेवलीस का' वर येते, म्हणून लिहितेय. ४० दिवसांचा चिल्ला, म्हणजे खंड न पाडता करायचा तबल्याचा रियाज, १७व्या दिवशीच सोडला. पाच तासांचा रियाज अडीचवर आणलाय, रविवारी तबल्याला हात लावत नाही, आणि डिसेंबरचा सोलो जमणार नाही असं कळवून टाकलं. बाबांनी काकांना तिकिटं काढायला सांगितली होती, माहितीये मला, त्याचंच जास्त वाईट वाटतंय. पण कंटाळा केला असं समजू नका हो. डग्ग्यावर मनगट घासत घिस्सा घेताना डाव्या मनगटातून कळ यायची, दोन महिने लपवली, चुकलंच माझं. आता बरंय, आई. कुकर उचलता येतो, डबा लावलाय, झोपही होते.

फिजिओकडे सगळे खेळाडूच असतात. एक मॅरेथॉनवाली मुलगी सांगत होती, रेसच्या आधी दोन-तीन आठवडे पळणं मुद्दाम कमी करत आणतात, पाय ताजे राहावेत म्हणून. आणि मी कार्यक्रमाच्या आदल्या रात्री बारापर्यंत वाजवत बसायचे, सकाळी बोटं दगड!

बाबा, १९९८ ची चेन्नई टेस्ट तुम्हीच किती वेळा सांगितलीत. पहिल्या इनिंगला वॉर्नने सचिनला ४ वर काढला, दुसऱ्या इनिंगला नाबाद १५५. मला लहानपणी फक्त १५५ लक्षात राहिले. पण मॅचच्या आधी त्याने लेगस्पिनर शिवरामकृष्णनला वॉर्नसारखे अराउंड द विकेट, खेळपट्टीच्या उखडलेल्या भागात (रफमध्ये) बॉल टाकायला लावले होते, जिथे अडणार तेवढंच घोटलं, ते आता कळतंय. मी पण तसंच करतेय. कायदा, म्हणजे ठरलेल्या बोलांची ती रचना, पहिल्यापासून शेवटपर्यंत तासभर नाही, चौगुणीत, म्हणजे चौपट वेगात, 'तिरकिट' हा बोल जिथे अडखळतो तेवढीच जागा दहा मिनिटं, मोबाईलवर रेकॉर्ड करायची, ऐकायची, हात सोडून बसायचं, मग परत. त्याआधी कोमट पाण्यात हात आणि बराच वेळ ठाय, म्हणजे संथ लय. तिरकिट साफ यायला लागलंय बाबा, खरंच, ऐकवते आल्यावर.

तुमचं काही चुकलं असं अजिबात म्हणत नाहीये हं. पहाटे पाचला बाबा उठवायचे आणि आई खोबरेल कोमट करून एकेक बोट चोळायची, तोच तर वॉर्म-अप होता. पेला लवंडू नये म्हणून आईने दूध डग्ग्याच्या चुंबळीवर ठेवलं होतं आणि बाबा केवढे ओरडले होते! ते दूध प्यावंसं वाटतंय आज.

आता तुमचं. बाबा, बीपीची गोळी रोज एकाच वेळी, आणि फिरायला निघाल्या निघाल्या भरभर चालायचं नाही, पहिली दहा मिनिटं ठाय. आई, गुडघ्याचे व्यायाम टीव्ही बघताना कर पण कर, आणि माळ्यावर चढायचं नाही, फराळाचे डबे मी येऊन काढीन.

दिवाळीत डग्गा घेऊनच येतेय, त्याच्या मधली काळी शाई उडालीय, मिरजेतच करून घेऊ.

तुमची
चिमी