अण्णा, त्या दोन कोऱ्या ओळींबद्दल

आदरणीय अण्णा,

सा. न. वि. वि.

हे पत्र तुमच्या हातात न देता असं सगळ्यांसमोर लिहितेय, कारण आभाराचा विषय काढला की तुम्ही 'बरं बरं, चहा घे' म्हणता आणि आत निघून जाता. शिवाय पावसाळ्यात पहिल्यांदा हिमालयात जायचं मनात असलेली माझ्यासारखी कितीतरी माणसं असतील. त्यांच्या शेजारी तुम्ही राहत नाही. तुम्ही मला जे दिलंत त्यातलं थोडं तरी त्यांच्यापर्यंत पोचावं.

माझं सगळं सुरू झालं ते एका फुलापासून, हे तुम्हाला माहीत आहे. नववीतल्या एका मुलीने घरच्या अंगणात रात्री उमललेल्या ब्रह्मकमळाचा फोटो आणला आणि विचारलं, "बाई, हे हिमालयातलं ना?" मी सांगितलं, नाही गं. आपल्या दारात कुंडीत पान खोचलं तरी रुजतं आणि मध्यरात्री फुलतं, तो निवडुंगाचा प्रकार, मूळचा मेक्सिकोकडचा. खरं ब्रह्मकमळ सूर्यफुलाच्या कुळातलं. ते उत्तराखंडचं राज्यपुष्प आहे, बारा-चौदा हजार फुटांवर दगडांत उगवतं. तिने लगेच विचारलं, "तुम्ही बघितलंय?" वीस वर्षं मी ते पुस्तकातल्या चित्रावरून शिकवत होते. आणि ते फुलतं जुलै ते सप्टेंबर, ऐन पावसात. मे महिन्याच्या सुट्टीत जाऊन उपयोग नाही.

मग मी पाच दिवसांचा बेत आखून तुमच्याकडे आले. सगळं उत्तराखंडातलं: फुलों की घाटी, शिखांचं तीर्थ हेमकुंड, बद्रीनाथ, औली, येताना चोपता आणि तुंगनाथ. एका सहल कंपनीच्या जाहिरातीत तसंच छापलं होतं. तुम्ही चष्मा लावून ते शेवटपर्यंत वाचलंत आणि म्हणालात, "यात पाऊस कुठं आहे?" मला कळलंच नाही. तुम्ही समजावलंत, की पावसाळ्यात डोंगरात जायचं तर पाऊसही बेतात धरावा लागतो, तो बेताच्या बाहेरून येत नाही.

त्या संध्याकाळी तुमच्या ओट्यावर बसून तुम्ही जे सांगितलंत ते मी कधी विसरणार नाही. पावसाळ्यात हिमालयात जायच्या दोनच शहाण्या तऱ्हा आहेत, म्हणालात. एक तर डोंगराच्या पलीकडे जायचं, म्हणजे लडाख, स्पिती, लाहौल. तिथे ढग पोचेपर्यंत रिकामे झालेले असतात. नाहीतर जिथे बांधलेली वाट आहे, माणसांची ये-जा आहे, मुक्कामाला पक्कं छप्पर आहे अशाच ठिकाणी जायचं. ओढे ओलांडायचे, तंबूत राहायचं, खिंडी चढायच्या हे पहिल्याच खेपेला, तेही पावसात, अजिबात नको. फुलों की घाटी या दुसऱ्या तऱ्हेत बसते. घांघरिया या मुक्कामाच्या गावापर्यंत हेमकुंडच्या यात्रेकरूंची वाट, घाटीत रात्री राहायला परवानगीच नाही, त्यामुळे रोज संध्याकाळी कोरड्या खोलीत परत.

आणि मग माझ्या सह्याद्रीच्या अनुभवाबद्दल बोललात. मला वाटत होतं, राजगड, हरिश्चंद्रगड भर पावसात केलेत, पावसाची मला सवय आहे. तुम्ही माझ्या त्या चढायांना नावं ठेवली नाहीत, फक्त आकडे मांडलेत. कळसूबाईचं शिखर 1646 मीटर. गोविंदघाटला गाडीतून उतरशील तीच जागा 1800 मीटर. म्हणजे महाराष्ट्र जिथे संपतो त्याच्या वर तुझी चाल सुरू होणार. आपला पाऊस कोमट असतो, भिजलं तरी माणूस हसत घरी येतो. तिथे तीन हजार मीटरवर भिजून वारा लागला की अंगातली ऊब निघून जाते आणि ते माणसाला स्वतःला कळत नाही. सह्याद्रीचा कातळ जुना आणि टणक, हिमालय अजून उठतोय, माती-दगड सैल आहेत. एस.टी.त तीस वर्षं घाटात गाडी चालवलेल्या माणसाने हे सांगितलं म्हणून ते मनात बसलं. पाऊस थांबून ऊन पडलं तरी दरडीखालून निर्धास्त जायचं नाही, मुरलेलं पाणी नंतर काम करतं, हेही तुमचंच.

त्यानंतर तुम्ही नातवाची शंभरपानी वही काढलीत. एका ओळीत एक दिवस. औली गेली, चोपता गेलं, बद्रीनाथसुद्धा गेलं, तेव्हा मला खरंच वाईट वाटलं होतं. शिवाय दोन ओळी तुम्ही कोऱ्या सोडल्यात. एक घांघरियात, एक परतीच्या वाटेवर. मी म्हणाले, अण्णा, मुख्याध्यापिकाबाईंनी मोठ्या मुश्किलीने दहा दिवसांची रजा दिलीय, त्यातले दोन असेच? तुम्ही पेन्सिल खाली ठेवलीत. "दरड कोसळते तेव्हा तिला तुझी रजा माहीत नसते, पोरी."

दर रविवारी दंडोबाच्या डोंगरावर सहा किलोची सॅक घेऊन मला चढवलंत, उतरताना गुडघे सैल ठेवायला शिकवलंत. पण मला सगळ्यात जास्त आठवते ती सॅक भरायची दुपार. मी मोठ्या हौसेने सॅकचं पावसाळी कव्हर दाखवलं. तुम्ही काही न बोलता सॅक भरायला लावलीत, कव्हर चढवून मला पाठीवर घ्यायला लावलीत आणि अंगणात माझ्या मानेमागून दोन तांबे पाणी ओतलंत. मग उघडून दाखवलंत. पाठीकडच्या बाजूने पाणी आत शिरलं होतं, तळाचे मोजे चिंब. "कव्हर बाहेरून झाकतं, पाठीकडून कोण झाकणार?" मग तुम्ही बेदाण्याच्या पेटीत घालतात त्या जाड प्लास्टिकच्या पिशव्या आणल्यात. मोठी पिशवी सॅकच्या आत अस्तरासारखी, तिच्यात कपड्यांच्या वेगळ्या छोट्या पिशव्या, प्रत्येकीचं तोंड पिळून, दुमडून रबर लावलेलं. सुती काहीच नाही, जीन्स तर नाहीच. आणि सगळ्यात खालच्या पिशवीत रात्रीचा एक जोड: लोकरी मोजे, थर्मल, टोपी. "हे चालताना घालायचे नाहीत. सगळं भिजलं तरी नाही. सकाळी ओलेच कपडे पुन्हा अंगावर चढवायचे, पण हे कोरडे राहिले पाहिजेत."

अण्णा, घांघरियात तिसऱ्या सकाळी माझी पँट ओलीगच्च आणि बर्फासारखी गार होती. खालची पिशवी समोर होती. मी ती उघडली नाही. ओली पँट चढवली, पाच मिनिटं दात वाजले, चालायला लागल्यावर अंग तापलं. त्या रात्री कोरड्या लोकरी मोज्यांत पाय गेले तेव्हा मला तुमचा ओटा आठवला.

आता त्या दोन ओळींचं सांगते. हरिद्वारहून मी आणि माझी मैत्रीण पहाटेच्या बसने निघालो. डोंगरी रस्त्यावर रात्री गाड्या सोडत नाहीत म्हणून पहाटेचीच बस पकड, हे तुम्ही वहीत लिहूनच दिलं होतं. देवप्रयाग, रुद्रप्रयाग, कर्णप्रयाग, नंदप्रयाग करत संध्याकाळी जोशीमठ. तिथेच पैसे काढून घेतले, पुढे एटीएमवर भरवसा नको म्हणाला होतात. दुसऱ्या दिवशी गोविंदघाट, पुलना, आणि तिथून लक्ष्मणगंगेच्या काठाने घांघरिया. पोचेपर्यंत पाऊस एकदाही थांबला नाही. आणि रात्री माझी मैत्रीण न जेवता पडून राहिली. डोकं ठणकत होतं, मळमळत होतं. जायच्या आधी तुम्ही आम्हा दोघींना डॉक्टरांकडे पाठवलं होतं, तुमच्या डब्यातली डायमॉक्स, उंचीवरच्या विरळ हवेच्या त्रासावरची गोळी, मागितली तर दिली नव्हतीत. तेव्हा मला ते जास्तच वाटलं होतं. डॉक्टरांनी तिला सल्फाची अॅलर्जी आहे का विचारलं, आणि ती होती. त्यामुळे ती गोळी तिला द्यायचीच नाही, असं त्यांनी बजावलं. तुम्ही प्रेमापोटी डबा उघडला असतात तर?

तुमचा नियम साधा होता. डोकं दुखतंय हे सांगायला लाजायचं नाही, दुखत असेल तर वर जायचं नाही, वाढलं तर रात्र असो की पाऊस, खाली उतरायचं. तुमची पहिली कोरी ओळ आम्ही तिथे वापरली. दिवसभर घांघरियात राहिलो, गरम पाणी पीत, तासाभराने थोडं गावातच चालत. संध्याकाळी तिने वरणभात मागितला. पाच दिवसांच्या त्या बेतात असते तर सकाळी आम्ही घाटीत नाहीतर हेमकुंडच्या चढावर असतो, आणि ती गप्प बसून चालत राहिली असती. ती तशीच आहे, कुणाचा बेत मोडायला तिला जमत नाही.

दुसऱ्या दिवशी घाटी. पुष्पावती नदी, ढग वर-खाली होताना मधूनच दिसणारी हिमनदी, आणि कमरेएवढा गुलाबी तेरडा. अण्णा, आपल्या कासच्या पठारावर घोट्याएवढा असतो त्याचंच हे भावंड. मी वाटेच्या कडेला उकिडवी बसून शेंगेला बोट लावलं, आणि ती तशीच फटकन फुटली, बिया हातावर उडाल्या. मला एकदम आपल्याकडचाच श्रावण आठवला. 1931 साली कामेत शिखरावरून परतताना फ्रँक स्माइथ आणि त्यांचे सोबती ढगात वाट चुकून या घाटीत उतरले. जोन मार्गारेट लेग या वनस्पती-अभ्यासक बाई 1939 मध्ये इथेच फुलं गोळा करताना घसरून गेल्या. त्यांच्या कबरीपाशी मी बराच वेळ उभी राहिले. ओल्या उतारावर वाट सोडून फुलाकडे धावू नको, हे तुम्ही का बजावत होता ते तिथे कळलं.

आणि हेमकुंड. सहा किलोमीटरमध्ये हजार मीटरहून जास्त चढ. पहाटे निघालो, दर वीस मिनिटांनी थांबत, तुमच्या सांगण्याप्रमाणे बोलता येईल इतक्याच वेगाने. माझ्या आईच्या वयाच्या शीख बाया 'वाहेगुरू' म्हणत अनवाणी चढत होत्या. वरच्या टप्प्यात धुकं इतकं दाट, की चार पावलांपलीकडे दिसेना. मैत्रिणीने माझा हात धरला आणि खडकाकडे दाखवलं. फिकट हिरवट-पिवळसर, कागदासारख्या पातळ पाकळ्यांची मिटलेली ओंजळ. त्या पाकळ्या नव्हेतच, फुलाभोवतीची पानं आहेत ती, हे मी वीस वर्षं फळ्यावर लिहिलंय. ओंजळीच्या आत जांभळी इवली फुलं गर्दी करून बसली होती, आणि बाहेर पाणी थेंबाथेंबाने निथळत होतं. मी हात लावला नाही. वास मात्र घेतला, उग्र आहे. मला रडू आलं, आणि आत्ता लिहितानाही येतंय. वर सरोवराकाठी लंगरमध्ये गरम खिचडी आणि चहा घेतला, आणि दुपार कलायच्या आत उतरायला लागलो.

दुसरी कोरी ओळ परतताना लागली. पिपळकोटीच्या पुढे रस्त्यावर दरड आली होती. जेसीबी चालू होता, पण वरून दगड येतच होते. गाडीतली काही मंडळी पायी पलीकडे जाऊन दुसरी गाडी पकडत होती, त्यांची रात्रीची आगगाडी होती. कुणी लहान मूल कडेवर घेऊन पळत होतं. मला ते बघवत नव्हतं. आमची गाडी परवाची होती. आम्ही मागे फिरून पिपळकोटीत खोली घेतली आणि झोपलो. सकाळी रस्ता सुरू झाला.

अण्णा, तुम्ही माझ्याकडून एक रुपया घेतला नाहीत. पाच रविवार दिलेत, माझ्या आईला स्वतः येऊन सांगितलंत की बाईमाणूस म्हणून अडवू नका, तयारी झाली नाही तर मीच जाऊ देणार नाही. तिने त्या शब्दावर होकार दिला.

सोमवारी वर्गात फोटो दाखवले. त्या मुलीने विचारलं, "बाई, मी कधी जाऊ?" मी तिला दंडोबाच्या डोंगरावर यायला सांगितलंय. रविवारी साडेसहाला आम्ही दोघी येतो. वही आणि पिशव्या घेऊन येते. एक पिशवी फाटली आहे, बाकीच्या धुऊन वाळवल्या आहेत.

तुमची,
शेजारची बाई